न दिसलेल्या वस्तूचा अहवाल

आकाशात काही दिसलं तर ते केवढं होतं हे सांगायला कडधान्यं लागतात, हे ज्ञान मला आखातातल्या जबल अली बंदरात झालं. देणारे गुरू इब्राहिम परकार.

तोपर्यंत माझी समजूत अशी, की कडधान्यं भिजत घालायची असतात. मी तेव्हा तिशीची. इंग्रजी घेऊन बी.ए., टायपिंगचा वेग मिनिटाला साठ शब्द, आणि स्वतःबद्दलचं मत त्याहून वेगवान. आमचे हे जबल अलीतच एका गोदामावर सुपरवायझर होते, आम्ही करामाला दोन खोल्यांत राहायचो, आणि मला बंदराजवळच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली होती. कचेरी म्हणजे दोन पोर्टा केबिन आणि त्यांना खेटून उभा असलेला एक लोखंडी जिन्याचा मनोरा. येणारीजाणारी जहाजं, वारा, ढग, धुकं यांची नोंद ठेवायची, हे आमचं काम. नव्वदच्या दशकात कधीतरी त्यावर एक जादा काम येऊन पडलं होतं. कुणाला आकाशात ओळख न पटणारी वस्तू दिसली तर तिचा अहवाल पाठवायचा. फॉर्म एकपानी, अर्धा अरबी, अर्धा इंग्रजी. तीन प्रती. एक अबू धाबीला, एक विमानतळाकडे, एक आमच्या फायलीत.

हे काम परकारभाईंकडे आलं, कारण सबंध कचेरीत वर बघायची सवय त्यांनाच होती. बाणकोटच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. वीस वर्षं जहाजावर सुकाणी म्हणून काढली आणि मग इथे मनोऱ्यावर निरीक्षक झाले. उंच, वाळलेले, पांढरी छाटलेली दाढी, आणि डोळे असे की समोरच्याशी बोलताना त्याच्या मागची भिंत वाचताहेत असं वाटावं. मला पहिल्याच दिवशी त्यांनी ‘बाय’ म्हटलं. मी मनातून नाराज. मला ‘मॅडम’ हवं होतं.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक पेशावरी ट्रक ड्रायव्हर आला. त्याला अल ऐनच्या रस्त्यावर आकाशात काहीतरी चकाकताना दिसलं होतं. परकारभाईंनी त्याला पाणी दिलं आणि खणातून एक चपटी पत्र्याची डबी काढली. मला वाटलं, पाहुणचार. डबीत कप्पे होते. मसूर, तूर, चणा, वाल, खजुराची बी, आणि शेवटी बाटलीचं झाकण.

“हाथ सीधा करो,” ते त्याला म्हणाले. “एक-एक पकडो. किससे पूरा ढक जाता?”

त्या धिप्पाड माणसाने हात लांब केला, एक डोळा मिटला आणि तूर धरली, चणा धरला. चण्यावर थांबला. परकारभाईंनी फॉर्मवर लिहिलं, ‘हातभर अंतरावर चणा’. मला हसू आवरेना. मी ते टायपिंगच्या खडखडाटात दडवलं.

पुढे कळलं की त्यात चेष्टेसारखं काही नव्हतं. वर दिसणारी वस्तू किती मोठी हे माणसाला सांगताच येत नाही. एक म्हणतो ताटाएवढी, दुसरा म्हणतो मशिदीएवढी. पण लांब केलेल्या हातातला चणा सगळ्यांना सारखाच. ही युक्ती फॉर्ममध्ये कुठे नव्हती, परकारभाईंची स्वतःची होती. अशा त्यांच्या आणखी होत्या. काही दिसलं तर आधी घड्याळ बघायचं, मग वस्तू. दोघांनी पाहिलं असेल तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायचं. आणि साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचा नाही.

“गोल होतं का, असं तुम्ही विचारतच नाही,” मी एकदा म्हटलं.

“मी गोल पुसलं की तो गोल बोल्तो. मंग ती वस्तू त्याची ऱ्हात नाय, माझी होते.”

‘यूएफओ’ हा शब्द त्यांना चालत नसे. मी एकदा ‘उडती तबकडी’ म्हटलं, तर स्वयंपाकघरात चप्पल घालून आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते नुसतं ‘वस्तू’ म्हणायचे. आणि बहुतेक वस्तूंची ओळख ते पटवून द्यायचे. ही समुद्रातल्या तेलविहिरीवरची ज्योत, हा हवामानखात्याचा फुगा, हा शुक्र. ओळख पटली की फॉर्मवर तसा शिक्का मारायचे आणि त्या दिवशी जेवणाच्या डब्यातला सुक्या बोंबलाचा वाटा मलाही मिळायचा. मी शाकाहारी असल्याचं त्यांना तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगितलं नाही. आमच्या ह्यांना हे आजतागायत माहीत नाही.

ज्यांची ओळख पटायची नाही, ते फॉर्म एका वेगळ्या फायलीत जायचे. तिला ते ‘उरलेले’ म्हणायचे. फाइल बारीक होती. वरून त्यावर कधीच काही उत्तर यायचं नाही. अहवाल जायचा आणि विहिरीत दगड टाकून आवाजच येऊ नये, तसं व्हायचं.

एकदाच वरून कुणी आलं, ते माझ्या कृपेने. ‘हातभर अंतरावर चणा’ हे मला सरकारी कागदावर फारच गावंढळ वाटायचं. माझं बी.ए. दुखायचं. म्हणून एका अहवालात मी ते सुधारून ‘प्रचंड आकाराची तेजस्वी वस्तू’ असं ठणठणीत इंग्रजीत टाईप केलं आणि परकारभाईंची सही घेतली. वाचल्याशिवाय सही करणारे ते नव्हते, पण त्या दिवशी जवळचा चष्मा दुरुस्तीला होता. तिसऱ्या दिवशी गणवेशातले दोन अधिकारी गाडी घेऊन हजर. प्रचंड म्हणजे केवढी? विमानाएवढी? परकारभाईंनी मूळ हस्तलिखित काढलं, डबी काढली, आणि दोघांना चणा दाखवला. अधिकारी बराच वेळ चण्याकडे बघत राहिले.

ते गेल्यावर मी रडायच्या बेतात. परकारभाई एवढंच म्हणाले, “बाय, तो चणा बोल्ला तर चणाच टाईप कर. त्या माणसाकडं तेवढाच हाय.”

गंमत इथपर्यंतच होती.

लेबर कॅम्पचा एक मल्याळी रखवालदार आला, तेव्हा मला कचेरीत वर्ष झालं होतं. त्याने सकाळी नऊ वाजता, कॅम्प रिकामा असताना, पाण्याच्या टाकीवर काहीतरी स्थिर उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्याला शब्द सापडेनात. परकारभाईंनी कागद-पेन्सिल दिली. त्याने एक लांबट आकार काढला आणि खाली डाव्या बाजूला एक छोटी तिरकी रेघ मारली. ती रेघ काय, ते त्याला सांगता येईना. “वो था,” एवढंच म्हणाला. उठून जाताना तो दाराकडे पाठ करूनच निघाला, म्हणजे तोंड आमच्याकडे, आणि उलटा चालत बाहेर गेला. खिडकी आमच्या बाजूला होती. त्याला तिच्याकडे पाठ करायची नव्हती.

परकारभाई उठले. ‘उरलेले’ फाइल काढली आणि मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीचा एक कागद माझ्यासमोर ठेवला. पार पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोरफक्कानच्या एका बलुची कोळ्याने काढलेलं चित्र. तोच लांबट आकार. खाली डावीकडे तीच तिरकी रेघ.

मी म्हटलं, “हे दोघं एकमेकांना ओळखत असतील.”

“असतील,” ते म्हणाले, आणि कागद परत लावून ठेवला. “ह्या तू घरी बोलायचा नाय.”

मी घरी जाऊन लगेच बोलले. आमचे हे म्हणाले, “टाईप कर, पण असल्या कशावर आपली सही करू नकोस. परदेश आहे. व्हिसा माझ्या कंपनीचा आहे, उद्या कोणी विचारलं तर उत्तर मी द्यायचं.” त्या वेळी मला ते फार समंजस वाटलं.

आता त्या दुपारचं सांगते. नातवंडांना मी हे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी सांगून झालंय, दर वेळी स्वतःला थोडी बरी करून. इथे तसं करत नाही.

जुलै महिना. तीन वाजताची ढगांची नोंद घ्यायला परकारभाई मनोऱ्याच्या सज्जात उभे होते. रजिस्टर धरायला मी. दोघांच्या हातांत बिनदुधाच्या सुलेमानी चहाचे प्लॅस्टिकचे पेले, वाफ निघत असलेले. त्यांनी आकाश चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, “ढग शून्य.” मी शून्य लिहिलं.

तेवढ्यात समुद्रावरून एक सावली आली.

धक्क्याबाहेरच्या पाण्याचा एक तुकडा काळा झाला, आणि तो तुकडा पुढे सरकू लागला. कडा अगदी स्वच्छ, कात्रीने कापल्यासारख्या. तो धक्क्यावर चढला, कंटेनरच्या रांगांवरून आला. लाल कंटेनर तपकिरी होत होते आणि मागे पुन्हा लाल होत होते. एखाद्या मैदानाएवढा असेल. क्रेनचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते मला कळलं नाही. मग तो काळेपणा जिना चढल्यासारखा मनोऱ्यावर आला आणि आमच्यावरून गेला. शीतगृहाचं दार कोणी उघडावं तशी थंडी.

मी वर पाहिलं. वर काही नव्हतं. सूर्य जिथल्या तिथे होता, माझ्या डोळ्यांत येत होता, आणि माझ्या हातावर ऊन नव्हतं.

मग ती सावली पलीकडे वाळूत उतरली आणि दिसेनाशी झाली. मला विचाराल तर सगळं मिळून अर्धं मिनिट. परकारभाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मग आत जाऊन त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. परत मनगटावरचं. चेहरा राखेसारखा झाला होता. मी चहाचा घोट घेतला, तो थंडगार होता. मी म्हटलं, त्या थंडीने.

“बोलू नको,” ते म्हणाले. “तू दुसऱ्या केबिनात बस.”

दहा मिनिटांनी ते फॉर्म घेऊन आले. साक्षीदाराच्या जागी स्टूल, आणि पहिल्यांदाच त्यावर मी. निरीक्षकाने स्वतः काही पाहिलं असेल तर दुसऱ्या साक्षीदाराची सही असल्याशिवाय अहवालाला वजन नसे, हे मला पाठ होतं. कितीदा टाईप केलं होतं मी ते कलम!

“काय बघितलंस?”

पुढच्या महिन्यात आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मी सूत्रसंचालन करणार होते. मोरपंखी पैठणी इस्त्रीला दिलेली होती. सही केली तर अबू धाबीला नाव जाणार, विचारणा होणार, ह्यांच्या कंपनीला कळणार, आणि करामातल्या सगळ्या बायका म्हणणार की निवेदिकेला दिवसाढवळ्या काहीबाही दिसतं. पैठणी आणि व्हिसा, ह्या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. सावली कुठल्या कुठे गेली होती.

“मी वर पाहिलं,” मी म्हटलं. “वर काही नव्हतं.”

शब्द न शब्द खरा. असा खरेपणा मला कॉलेजात शिकवला नव्हता, तो मी स्वतःची स्वतः शिकले.

त्यांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. त्यांनी माझ्या तोंडात शब्द घातला नाही. फक्त वाट पाहिली. साक्षीदार कुठे थांबतो आणि पुढे काय येणार आहे, हे त्यांना मी पाहिलेल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त कळत होतं.

“एवढाच?”

“एवढंच.”

त्यांनी लिहिलं. मग कागद माझ्याकडे सरकवला. “टाईप कर.” मी माझीच साक्ष तीन प्रतींत टाईप केली, एकही चूक न करता. शिवाय त्यांचा अहवाल. ‘वस्तू: दिसली नाही. सावली: दिसली. आकार मोजता आला नाही. कालावधी: एक मिनिटापेक्षा कमी. ढग: शून्य. दुसरा साक्षीदार: हजर होता, काही दिसलं नाही.’

ह्या वेळी वरून उत्तर आलं.

परकारभाईंचं कंत्राट त्या सप्टेंबरात संपत होतं. धाकट्या मुलीचं फार्मसीचं शिक्षण अजून दोन वर्षं बाकी होतं, त्यामुळे पुढचं कंत्राट त्यांना हवंच होतं, आणि हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. वरून विचारणा आली की निरीक्षकाची नजर शाबूत आहे का. त्यांना डोळ्यांच्या तपासणीला पाठवलं. डॉक्टरांनी तक्त्यावरची सगळ्यांत खालची ओळ वाचायला सांगितली. ती वाचून त्यांनी त्याखाली बारीक टाइपातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

मग मुदीर आले, म्हणजे आमचे मोठे साहेब. स्थानिक अरब गृहस्थ, मायाळू, हिंदी आमच्यापेक्षा बरं. माझ्या टेबलाशेजारीच उभे राहून बोलले.

“परकार, हबीबी, मैं तुमको रखना चाहता हूँ. तुम लिख दो, बादल था. छोटा बादल. खलास.”

“सर, बादल नहीं था. तीन बजे का रजिस्टर में ज़ीरो लिखा है.”

“तो रजिस्टर में एक कर दो.”

“नहीं सर.”

“फिर क्या था वो?”

“मालूम नहीं. वही लिखा है.”

मुदीरांनी कपाळावरून हात फिरवला. “देखो, दूसरा गवाह भी बोलता है कुछ नहीं था. अगर ये बोलती कि इसने भी देखा, तो मैं अबू धाबी में लड़ सकता था.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मुदीरांनी सहज, परकारभाईंनी अजिबात अपेक्षा न ठेवता. दार सताड उघडं होतं, मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं.

मी मशीनवर कोरा कागद चढवला आणि म्हटलं, “सर, हाऊ मेनी कॉपीज?”

“तीन,” मुदीर म्हणाले.

गणेशोत्सव थाटात झाला. माझ्या निवेदनाची फार तारीफ झाली.

परकारभाईंचं कंत्राट वाढलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी ते गेले. सामान म्हणजे एक बॅग आणि सुतळीने करकचून बांधलेलं एक खोकं, त्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत नाव आणि गाव. बंदराची बस गेटजवळ उभी होती, विमानतळाकडे जाणारे आणखी दहाबारा जण तिच्यात चढत होते. केबिनमधून मला सगळं दिसत होतं. ड्रायव्हर ओरडला, “यल्ला, यल्ला!” आणि मी धावले. सँडलची पट्टी तुटली, तशीच.

“परकारभाई!”

ते पायरीवर एक पाय ठेवून थांबले.

“मी पाहिलं होतं. सावली. धक्क्यावरून आलेली. आपल्यावरून गेली. मी खोटं नाही बोलले, पण... मी पाहिलं होतं.”

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. “माला म्हाईत होता,” ते म्हणाले. “तुझ्या हातावर काटा आलेला. उन्हात काटा येत नाय.”

“मग बोलला का नाहीत मुदीरांना?”

“ती तुझी साक्ष. मी कशी देऊ?”

“मी आत्ता जाते. आत्ता सांगते त्यांना. बस थांबवा.”

“नको, बाय.” त्यांनी पाय पायरीवरून खाली घेतला. आवाज एवढा उतरला की मला जवळ सरकावं लागलं. “तुला किती वेळ वाटला? सगळा मिळून?”

“अर्धं मिनिट.”

“माला पण. तसाच लिवला मी, एक मिनिटापेक्षा कमी.” त्यांनी बसकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. “मी आधी घड्याळ बघितला होता. तीन वाजून चार. ती गेली तवा पुन्हा बघितला. तीन एकवीस.”

मला आधी काही कळलंच नाही. मग तो पेला आठवला. वाफाळता चहा, आणि लगेच घेतलेला गार घोट.

“भिंतीवरच्या घड्याळात पण तीन एकवीस. सतरा मिनिटं, बाय. तू आन् मी, दोघंही तिथं उभे होतो. माला त्यातला काय एक आठवत नाय. घड्याळ सोडून कधी काय लिवला नव्हता मी. त्या दिवशी लिवला. घाबरलो. त्या कागदावर माझा एक खोटा आधीच होता. ढग लिवून दुसरा कुठं घालू?”

ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान मुलीला ठेवतात तसा, आणि चढले.

बस वळून गेटातून बाहेर पडली. उघडं, पांढरं ऊन. खिडक्यांमधून सगळे हात हलवत होते, कुणी बंदराला, कुणी उगीच मला. परकारभाई शेवटच्या खिडकीत होते. त्यांनी हात हलवला नाही. काचेला कपाळ टेकवून ते खाली बघत होते, वाळूवरून बसच्या बरोबरीने धावणाऱ्या तिच्या सावलीकडे, ती तेवढीच आहे ना, याची खात्री करत असल्यासारखे.